पायाळू फुलाबाई आणि बळाचं कडं

"पडला! पडला!" असा गिल्ला वेल्ह्याच्या मैदानावर उठला, पण त्या दिवशी तिथं ना कुस्ती होती ना कबड्डी. पडला होता पासलीचा सावळाराम, आणि त्याला पाडलं होतं एका बाबानं, अवघ्या दोन बोटांनी.

सावळाराम म्हणजे फुंकरीनं उडणारा गडी नव्हे. बारा वर्षं त्यानं पासलीच्या कबड्डी संघाचा कोपरा सांभाळला. समोरच्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की सुटायचं नाव नसे. पंचेचाळिशी उलटली तरी भाताचं पोतं एकटा उचलून टेम्पोत टाकतो. अशा माणसाला बाबानं पाय जुळवून उभं केलं, उजवा हात बाजूला आडवा धरायला लावला, त्यावर दोन बोटं टेकवून हलकेच दाबलं, आणि आमचा पैलवान भेलकांडत थेट बायकांच्या रांगेत. बायका किंचाळल्या, पोरं फिदीफिदी हसली.

"पाहिलंत?" बाबा माईकमध्ये म्हणाला. "देह आहे, बळ नाही. पृथ्वीतत्त्व निसटलेलं आहे. आता बघा!"

त्यानं सावळारामच्या मनगटात एक काळंभोर कडं चढवलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा हात दाबला. सावळाराम ढिम्म हलला नाही. बाबानं जोर वाढवला, घाम फुटेपर्यंत दाबलं, शेवटी टाचा उचलून अक्षरशः लोंबकळला. सावळाराम जागचा हलेना.

"बोला, वज्रनाथ महाराज की..." बंडू नावाच्या त्याच्या चेल्यानं दुसऱ्या माईकवरून आरोळी दिली. "जय!" म्हणताना पुढच्या रांगेतल्या फुलाबाईनंही हात जोडले. फुलाबाई ही सावळारामची बायको. त्याला दोन बोटांनी लोळवणारा दुसरा माणूस बावीस वर्षांच्या संसारात तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. तोवर तो मान तिचा एकटीचा होता.

वज्रनाथ महाराज हा नव्या जमान्याचा बाबा. अंगात भगवा ट्रॅकसूट, पायांत पांढरे बूट, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि माळेत अडकवलेली शिट्टी. तो भुतं उतरवत नसे की गुप्तधन दाखवत नसे. त्याचं गिऱ्हाईक खेळाडू. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात गावागणिक कबड्डीचा संघ आणि संघागणिक दोन-तीन लंगडी पोरं, तेव्हा बाबाला माशा मारत बसायची वेळ येत नव्हती. त्याचं ते 'बळाचं कडं' म्हणे तोरण्याच्या पोटातल्या लोखंडाचं, सात अमावास्या जमिनीत पुरून ठेवलेलं. हाच महापुरुष चार वर्षांपूर्वी किकवीला हायवेच्या कडेला चिमाजी या नावानं टायरचं दुकान चालवत होता, हे ठाऊक असलेली माणसंही त्या गर्दीत होती. पण एकदा 'जय' म्हटलं की मागचं कोण आठवतो!

"आम्ही पायाळू!" बाबा गरजला. "जगात उलटे आलो, म्हणून उलटं फिरलेलं सुलटं करतो. डॉक्टर काय करतो? कापतो! आम्ही काय करतो? जोडतो! ज्याचा गुडघा गेला, खांदा गेला, त्यानं पुढं यावं. एक अट आहे. डॉक्टरी कागद कड्याला सोसत नाहीत. ते बंडूकडे द्या, त्यांचं विसर्जन होईल."

पायाळू हा शब्द ऐकताच सगळ्या माना फुलाबाईकडे वळल्या. त्याचं कारण असं. जे मूल पायांकडून जन्मतं ते पायाळू, आणि पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, ही आपल्याकडची जुनी रीत. पासलीत आणि आजूबाजूच्या चार वाड्यांत पायाळू एकच, फुलाबाई. दिवस उगवायच्या आत तिच्या ओट्यावर कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं. लावणीत वाकून वाकून कंबर धरलेल्या बाया यायच्या, पोती उचलणारे गडी यायचे, एकदा तर तहसील कचेरीतले एक कारकून चक्क फटफटीवरून आले होते. फुलाबाई पदर खोचायची, डावा पाय पाठीत हाणायची आणि चुलीकडे वळायची. त्याबद्दल ती कधी सुपारीचं खांडही घेत नसे. पण हळदीकुंकवाला पहिलं बोट तिच्या कपाळी लागायचं, लग्नात तिला हात धरून पुढं बसवायचे.

आणि फुलाबाईच्या मनात तीस वर्षं एक गोष्ट ठसठसत होती, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. उसणीला पहिल्याच दिवशी लाथ खाल्लेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरा व्हायचा. दुसऱ्या दिवशी खाल्लेलाही तिसऱ्या-चौथ्या दिवशीच. आणि शेजारची चंद्राबाई, जिच्याशी तिचं भांडण होतं म्हणून लाथ खायला न येता नुसती घरात पडून राहिली, तीही चौथ्या दिवशी दळण घेऊन निघालेली तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. फुलाबाई अडाणी असली तरी तिला मोजता येत होतं. पण मान सोडवत नाही, म्हणून ती गप्प राहिली होती.

त्या दिवशी मात्र ती मोजायच्या मनःस्थितीत नव्हती, कारण तिची लेक तिच्या शेजारी पाय लांब करून बसली होती.

वैष्णवी एकोणीस वर्षांची, तालुक्यातली नावाजलेली चढाईपटू. तिच्या चढाईला माणसं झाडावर चढून बसत. दहा दिवसांपूर्वी एका सामन्यात चढाईवरून परत येताना ती गर्रकन वळली, पाय जागेवर राहिला आणि अंग फिरलं. गुडघ्यात 'टक्' झालेलं तिच्या तिलाच ऐकू आलं. तासाभरात गुडघा नारळाएवढा सुजला.

दुसऱ्या दिवशी तिला भोरला श्रावणीताईंकडे नेलं. श्रावणीताई तिथल्या फिजिओ. खेळाडूंचे मोडके सांधे, ताणलेले स्नायू यांच्यावर इलाज करणाऱ्या. त्यांनी वैष्णवीला झोपवलं, गुडघा थोडा वाकवला, दोन्ही हातांनी नडगी पुढं ओढून पाहिली आणि लगेच पुण्याची चिठ्ठी लिहिली. मग पुण्याला जाऊन गुडघ्याचा एमआरआय झाला, मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि ताईंना आली होती तीच शंका खरी ठरली.

"मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधून ठेवणारा एक दोर असतो," श्रावणीताईंनी समजावलं होतं. "तो तुटलाय. सूज उतरली की ऑपरेशन करून नवा दोर बसवतील. त्यानंतर नऊ-दहा महिने माझ्याकडे व्यायाम. मग वैष्णवी पुन्हा खेळेल. पण एक लक्षात ठेवा. तीन आठवड्यांनी सूज जाईल, ती सरळ छान चालेल. तेव्हा फसू नका."

सावळारामनं यातला 'ऑपरेशन' एवढा एकच शब्द ऐकला. महिन्याभरानं वेल्ह्याच्या मैदानावर जिल्हा संघाची निवड चाचणी होती. ज्या संघात जायचं त्याचं स्वप्न राहून गेलं होतं, त्या संघात लेक जाणार म्हणून तो वर्षभर गावभर सांगत फिरला होता.

म्हणून तो दोन बोटांनी पडला, कड्यानं उभा राहिला, आणि उठून पहिलं काम काय केलं, तर लेकीची सगळी फाईल बंडूच्या हातात दिली. बाबानं वैष्णवीच्या गुडघ्याला आपल्या पांढऱ्या बुटाचा टोकदार आशीर्वाद दिला, तिच्या मनगटात कडं घातलं आणि एकवीस दिवसांचं पथ्य सांगितलं. आजारी पायावर भार द्यायचा नाही. पाय उशीवर उंच ठेवायचा. दिवसातून चार वेळा गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या. मैदानाकडे फिरकायचं नाही. आणि रोज शंभर वेळा मांडी घट्ट आवळून सोडायची, प्रत्येक वेळी 'ॐ वज्राय नमः' म्हणत.

घरी आल्यावर पथ्य सुरू झालं. फुलाबाईनं मन लावून सगळं केलं. लेकीला काखेत काठी देऊन न्हाणीपर्यंत न्यावं, उशी सारखी करावी, घड्या बदलाव्यात. सातव्या दिवशी ती भाकरी थापत होती आणि समोर भिंतीकडे तिचं लक्ष गेलं. तिथं एक कागद होता. फाईल विसर्जनाला गेली, पण त्यातला चित्रांचा कागद तिनं आधीच भाताच्या खळीनं चुलीमागच्या भिंतीला चिकटवला होता. अक्षर वाचता येत नाही म्हणून श्रावणीताईंनी मुद्दाम तिला चित्रांचा दिला होता.

पहिल्या चित्रात पाय उशीवर. दुसऱ्यात गुडघ्यावर बर्फाची पिशवी. तिसऱ्यात काखेत कुबडी. चौथ्यात कबड्डीच्या मैदानावर लाल फुली. पाचव्यात पाय सरळ ठेवून मांडी आवळणारी बाई.

फुलाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधी वाळली.

"वैष्णे," ती म्हणाली, "बाबाचं पथ्य परत सांग बरं एकदा."

वैष्णवीनं सांगितलं. फुलाबाई एकेका चित्रावर बोट ठेवत गेली. कागदात नव्हतं असं फक्त दोनच होतं, एक मंत्र आणि दुसरं कडं.

"अवं, ऐकलं का," तिनं नवऱ्याला हाक मारली. "बाबानं तर डॉक्टरीणबाईचाच कागद वाचून दावलाय की आपल्याला!"

"म्हंजे बाबा डॉक्टरीणबाईएवढाच हुशार हाय, आसं म्हन की," सावळाराम म्हणाला आणि विडी ओढायला बाहेर गेला. ज्याला विश्वास ठेवायचाच असतो त्याला पुरावाही पाठच थोपटतो.

तीन आठवडे झाले आणि सूज उतरली. वैष्णवी अंगणात सरळ चालली. सावळारामनं सोमनाथला, म्हणजे संघाच्या कारभाऱ्याला, फोन लावला आणि सोमनाथनं गावभर. बाबाच्या नावानं नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलाबाई पहिल्या एसटीनं निघाली आणि गाड्या बदलत भोरला पोचली.

श्रावणीताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या चिडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, सूज उतरणारच होती. विश्रांती दिली की उतरते. विश्रांती माझी, नाव बाबाचं. गेल्या वर्षी वेल्ह्याच्या गोरखला हेच झालं. तोच दोर, तेच कडं. त्याचेही कागद विसर्जनाला गेले होते, म्हणजे बाबाच्या अभ्यासाला. तो सरळ चालायला लागला, मैदानात उतरला आणि पहिल्याच वळणाला गुडघा निसटला. आतली गादी फाटली. आज तो जिना चढताना कठड्याला धरतो. बाबा म्हणाला, पथ्य मोडलंस."

"पर ताई, आमच्या मालकान्ला त्यानं दोन बोटांनी पाडलं. आन् कडं घातल्यावं हलंनात. ह्ये म्या डोळ्यानं पायलंय."

श्रावणीताई हसल्या. "तुम्ही कुठं बघत होता?"

"त्येच्या तोंडाकडं. मंत्र म्हनत हुता न्हवं."

"चाचणीला मला मैदानावर प्रथमोपचाराला बोलावलंय. बाबाही मांडव घालणार आहे. त्या दिवशी त्याच्या तोंडाकडे बघू नका. दोन्ही वेळी त्याचा हात कुठे पडतो, तेवढंच बघा."

चाचणीच्या दिवशी मैदान पुन्हा गच्च भरलं. चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, तालुक्या-तालुक्यातल्या पोरी धावून अंग गरम करत होत्या, आणि एका बाजूला मांडवात ट्रॅकसूटवाला कैवल्यमूर्ती शिट्टी वाजवून गर्दी जमवत होता. फुलाबाई डोक्यावर संघाच्या भाकऱ्यांची पाटी घेऊन आली. गावची रीतच तशी, ज्या घरचा खेळाडू त्या घरच्या भाकऱ्या. तिनं पाटी उतरवली, डोक्यावरची कापडाची चुंबळ हातात धरली आणि मांडवाच्या पुढं जाऊन उभी राहिली.

पलीकडे सावळाराम गुडघ्यावर बसून लेकीच्या बुटाच्या नाड्या बांधत होता. अर्ध्या तासात वैष्णवीची चढाई होती.

बाबानं सोमनाथला पुढं बोलावलं. हात आडवा, दोन बोटं, सोमनाथ पडला. कडं चढवलं, हात दाबला, सोमनाथ उभा. टाळ्या कडाडल्या. फुलाबाईनं टाळी वाजवली नाही. तिनं फक्त हात बघितला होता, आणि जे दिसलं त्यानं तिला बाबाचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. डोंगरात अर्धा जन्म भारे वाहिलेल्या बाईला हे आधीच दिसायला हवं होतं.

"थांबा!" ती मांडवात शिरली. "वैष्णवीचे बापू, नाड्या सोडा तिच्या. ह्यो मानूस खोटा हाय."

मैदान चपापलं. बाबानं डोळे मोठे केले. "माई, वाणीला आवर घाल. नाडी कोपेल."

"कोपू दे. माजी बी कोपलीय."

सोमनाथ कडं अजून मनगटात असतानाच मध्ये पडला. "फुलावैनी, तुमी आसं बोलावं? तुमी सोता पायाळू. आवंदा लावनीत माजी उसन तुमच्याच लाथंनं गेली. तुमचा पाय खरा आन् महाराजांचं कडं खोटं, ह्यो कुठला न्याय?"

लोकांनी माना डोलावल्या. बाबाच्या ओठांवर हसू आलं. त्याला नेमकी हीच ढाल हवी होती. फुलाबाईपुढं तीस वर्षांचा मान होता, हळदीकुंकवाचं पहिलं बोट होतं. मग तिनं लेकीच्या गुडघ्याकडे बघितलं.

"भावजी, तुमी माज्याकडं आलता तवा उसन भरून किती दिस झालते?"

"दोन... न्हाई, तीन."

"म्या लाथ मारली नसती तरी ती जानारच हुती. उसन चार दिसांची पावनी आसती, तिला लाथ लागत न्हाई. चंद्राबाई हिकडं बसल्यात, त्यान्ला इचारा. भांडन हुतं म्हून माज्याकडं आल्या न्हाईत, तरी चौथ्या दिसाला दळान घिऊन निगाल्या. व्हय का न्हाई वं?"

"व्हय," चंद्राबाई गर्दीतून म्हणाली. "आन् भांडन अजून हाय." लोक हसले.

"माज्या पायात काय बी न्हाई," फुलाबाई म्हणाली. "चिकलाच्या भेगा हायत्या, दुसरं काय न्हाई. मला ठावं हुतं. मान मिळत हुता म्हून गप ऱ्हायले. माज्यासारख्या गप ऱ्हायल्या म्हून ह्येच्यासारख्याला हितं मांडव घालाया जागा झाली."

बाबानं माईक उचलला, पण फुलाबाईनं सोमनाथच्या मनगटातलं कडं काढून आपल्याकडे घेतलं होतं.

"भावजी, पाय जुळवा. हात आडवा."

तिनं त्याच्या पसरलेल्या बोटांजवळ हात ठेवला आणि खाली दाबताना किंचित बाहेरच्या बाजूला रेटलं. सोमनाथ कोलमडला. मग तिनं आपली चुंबळ त्याच्या मनगटात घातली. या वेळी हात कोपराजवळ ठेवला आणि दाब त्याच्या अंगाकडे, पायांच्या दिशेनं दिला. सोमनाथ ताठ उभा. फुलाबाई लोंबकळली, तरी उभा.

"बोला, चुंबळनाथ महाराज की..." मागून कुणीतरी ओरडलं, आणि साऱ्या मैदानानं "जय!" म्हटलं.

"आता ह्ये बघा," ती म्हणाली. तिनं चुंबळ काढली, बाबाचं सात अमावास्यांचं कडं सोमनाथला घातलं आणि पुन्हा बोटांजवळ बाहेरच्या बाजूला दाबलं. कड्यासकट सोमनाथ बायकांच्या रांगेत गेला.

"डोक्यावं भारा आसला आन् कुनी कडंला धरून भायेर वढलं, की बाई पडती. त्योच भारा कुनी मानंकडं दाबला तर पाय आनखी घट व्हत्यात. पासलीच्या चढावं ह्ये बारक्या पोरीला कळतं. ह्यो बाबा पयल्यांदा भायेर वढतो आन् दुसऱ्यांदा आत दाबतो. बळ कड्यात न्हाई, त्येच्या लबाड हातात हाय."

"ही नास्तिक कंपनं आहेत!" बाबा ओरडला. "अशा दूषित वातावरणात कडं काम करत नाही."

तेव्हा श्रावणीताई पुढं आल्या. "महाराज, मग एक सोपी परीक्षा घेऊ. तीन खेळाडूंची मनगटं टॉवेलात गुंडाळते. एकातच तुमचं कडं असेल. तुम्ही हात दाबून सांगा, कुठल्यात आहे. बळ असेल तर कळेलच."

बाबानं आकाशाकडे पाहिलं. आज तिथी बरोबर नाही म्हणाला. मग घसा बसलाय म्हणाला, जणू कडं घशानं ओळखायचं होतं. मग बंडूकडे पाहिलं, तर बंडू माईकची वायर गुंडाळत होता.

एवढ्यात एक तरुण पाय ओढत पुढं आला. तो गोरख. गुडघा गेल्यापासून तो वेल्ह्यात ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करत होता. त्यानं ते कडं हातात घेतलं, आतल्या बाजूचा काळा रंग नखानं खरवडला आणि खाली कोरलेला आकडा दिसताच खिन्न हसला.

"तोरन्याच्या पोटातलं लोखंड म्हनं! ही बेअरिंगची रिंग हाय. असल्या म्या रोज भंगारात टाकतो. आन् हीच घालून म्या माजा पाय घालवला."

कुणी हसलं नाही. बाबा मागच्या बाजूनं गाडीकडे सरकू लागला तेव्हा त्याची वाट चार-पाच जणांनी अडवली. श्रावणीताईंनी बजावलं, अंगाला हात लावू नका, तक्रार द्या. गोरखनं मारलं नाही. तो शांतपणे पोलीस ठाण्याकडे निघाला आणि निम्मं मैदान त्याच्या मागं.

पण वैष्णवी जागची हलली नव्हती. तिनं कडं काढलं नव्हतं. "ताई," ती श्रावणीताईंना म्हणाली, "बाबा खोटा असेल. पण माझा पाय दुखत नाही. मी चालते, पळते पण. एक चढाई करू द्या. फक्त एक."

"वैष्णवी, खाली झोप," श्रावणीताई म्हणाल्या. "आणि सावळारामदादा, तुम्ही इकडे या. मी सांगून तुम्हाला पटलं नाही, तर तुमच्याच हातांना विचारू."

सावळाराम आला. ताईंनी त्याला आधी चांगल्या पायाची नडगी धरायला लावली, गुडघा किती वाकवायचा ते दाखवलं, आणि त्याच्या हातांवर हात ठेवून ती हळूच पुढं ओढली. नडगी थोडी हलली आणि टक्कन अडली.

"हा दोर शाबूत आहे. आता हा पाय."

दुसऱ्या पायाची नडगी पुढं आली आणि येतच राहिली. अडायचं नावच नाही. सैल झालेला टेबलाचा खण ओढावा तशी ती त्याच्या हातात घसरली. सावळारामनं आयुष्यभर पोरांचे पाय धरले होते. पायात बळ आहे की नाही हे त्याच्या पंजाला कळत होतं. त्यानं हात पटकन काढून घेतले.

"पोरी," तो म्हणाला. त्यानं स्वतःच तिच्या बुटाच्या नाड्या सोडल्या. वैष्णवीनं कडं काढून आईकडे दिलं आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून ती ढसाढसा रडली. चाचणीची शिट्टी वाजली, दुसऱ्या पोरी मैदानात उतरल्या. ते बघणं फार कठीण होतं. पण त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःच्या दोन पायांवर एसटीत चढली, कठड्याला न धरता, आणि गोरखला जे मिळालं नव्हतं ते, वेळेवर थांबवणारं माणूस, तिला मिळालं होतं.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. आता वैष्णवी रोज ओट्यावर बसून घोट्याला भाताची पुरचुंडी बांधून पाय वर उचलते. दर पंधरा दिवसांनी भोरला जाते. श्रावणीताई मोजपट्टीनं तिची मांडी मोजतात, मागच्या खेपेला किती भरली होती आणि आज किती, ते लिहितात. यात मंत्र नाही, चमत्कार नाही, नुसता कंटाळा आहे. आणि बरं होण्याचा रस्ता बहुतेक वेळा असाच कंटाळवाणा असतो, हे ज्याला सोसत नाही तोच कड्यांच्या मांडवात जातो. तेव्हा वाचकहो, तुमच्यापुढं कुणी चमत्कार करू लागला तर त्याच्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे बघा. आणि काही बरं झालं, तर ते कशानं झालं, हे विचारायच्या आधी तो गंडा, ते कडं, ती लाथ नसती तर काय झालं असतं, हे एकदा विचारा. एवढं विचारायला शाळा लागत नाही. फुलाबाईला कुठं होती?

मागच्या आठवड्यात सकाळी फुलाबाई झाडलोट करत होती, तर ओट्यावर कुणीतरी पालथं पडलेलं. बघते तर सावळाराम. पोतं उचलताना कंबरेत उसण भरली होती.

"आता कशापायी पडलाय हितं?"

"मार की एक," तो तोंड मातीत खुपसून म्हणाला. "गुन येत न्हाई, ठावं हाय मला. पर सवय हाय गं."

फुलाबाईनं खराटा बाजूला ठेवला आणि पदर खोचला. महिनाभर पोरीच्या पायाशी खेळ केला होता ह्या माणसानं, ते तिला अजून विसरवत नव्हतं.

"लाथ मारायची माजी लई इच्छा हाय," ती म्हणाली. "पर औशद म्हून न्हाई. उठा, आन् वीट तापवून शेक घ्या."